भट्टीच्या तोंडाची जागा

केदुंगरेजो, ९ जून १९९४

हर्जितो,

ईदला आलेल्या तुझ्या पत्राला जूनमध्ये उत्तर देतोय. रागावू नकोस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. इथे आम्ही बरे आहोत. तुझ्याकडची पोरं, मिरीचे वेल आणि तुझी बायको, सगळे ठणठणीत असोत.

घरची एक गोष्ट कळवायची आहे. सुलासिहला माहेरी पाठवली, वोनोगिरीला. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही. परजियोने तलाकचा अर्ज दिलाय आणि चौदा सप्टेंबरची तारीख मिळालीय. पोरगी वाईट होती असं मी म्हणणार नाही. जाताना भांडली नाही, रडली नाही, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवून निरोप घेतला आणि गेली. पण मला एकच मुलगा, आणि त्याच्यानंतर ही कांशाच्या गाँग घडवायची भट्टी कोण सांभाळणार?

आम्ही करायचं काही बाकी ठेवलं नाही. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. ज्याला मूल नाही त्याने सलग तीन मोठ्या गाँग स्वतः भट्टीच्या तोंडाशी बसून काढायच्या, एक दिवसही जागा दुसऱ्याला द्यायची नाही. आग प्रसन्न झाली की कूस उजवते, असं वडील सांगायचे. परजियोने हा नवस एकदा नाही, दोनदा केला. तुझ्याकडून मागवलेलं लाम्पुंगच्या विहिरीचं पाणीही सुलासिह रोज सकाळी एक पेला प्यायची, कॅन संपेपर्यंत. तिला काहीच लागू पडलं नाही.

डॉक्टरही करून झाला. परजियोचं सगळं ठीक आहे.

तर आता तिकडे एखादी मुलगी बघ. फार शिकलेली नको, फार गोरी नको. लाम्पुंगच्या पाण्यावर वाढलेली असली म्हणजे झालं. इथे चार वर्षं कोरडा राहिलेला तू तिकडे गेलास आणि दोन वर्षांत बाप झालास. त्या पाण्यात काहीतरी आहेच.

ऑक्टोबरअखेर जिल्हा कचेरीच्या सभागृहाला गामेलान वाद्यांचा पूर्ण संच द्यायचाय. काम गळ्यापर्यंत आलंय.

तुझा
थोरला भाऊ, कांग कर्सोनो


लाम्पुंग, २४ जून १९९४

कांग,

तुमचं पत्र मिळालं. मिरी तोडायचे दिवस आहेत, बोटं काळी झालीत, कागदावर डाग दिसतील तर समजून घ्या. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून तीन वर्षं लिहितोय. डोळ्याला सुरी लावायची भीती वाटते असं सरळ सांगा, भट्टीची सबब नको.

मुलगी बघ म्हणता. मी मिरी विकतो कांग, मुली नाही. आणि परजियोच्या लग्नात माझ्या बायकोला पहिला घास सुलासिहने भरवला होता. तिच्या जागी दुसरी बघायला मी कुठल्या तोंडाने कुणाच्या दारात जाऊ? आधी मला चार गोष्टी कळू द्या.

डॉक्टर कुठला? तपासणी कुणाची झाली, तिची की दोघांची? परजियोचं ठीक आहे असं तो बोलला की लिहून दिलं? दिलं असेल तर कागदावर नेमकं काय आहे?

दुसरं. परजियो अजून तोंडाच्या जागेवरच बसतो का? रोज किती तास? त्याला थोडे महिने तिथून उठवून बघा. घण मारू दे, भाता चालवू दे, गाँग घासायला बसू दे. अंगाला वारा लागू दे. मग पुढचं ठरवा. तारीख पुढे ढकलता येते.

थोरली सिती आता एकोणीसची झाली. तुमच्यासारखीच हट्टी निघालीय.

हर्जितो


केदुंगरेजो, ६ जुलै १९९४

हर्जितो,

मी मुलगी बघायला सांगितली होती, उलटतपासणी घ्यायला नाही.

तोंडाची जागा म्हणजे काय हे तू मला शिकवतोस? एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये कपड्यांचं गाठोडं उचलून, लाम्पुंगच्या फुकट जमिनीसाठी सरकारी बोटीत बसलास तेव्हा ती जागा रिकामी टाकून गेलास. वडील आजारी होते. मी तेरा वर्षं तिथे बसलो आणि कांशाचा रंग बघता बघता डोळे घालवले. लाल कुठे संपतो आणि घणाला योग्य नारिंगी कुठे सुरू होतो हे ज्याला अंधारात दिसतं, तोच तिथे बसू शकतो. माझं दिसणं गेलं तेव्हा परजियो एकवीसचा होता. त्याला मी ती जागा लग्नाच्या आधल्या वर्षी दिली. सगळा गाव जेवायला आला होता. ती जागा म्हणजे घराचा मान. तू म्हणतोस, त्याला घासायला बसव.

सकाळी सहाला बसतो, चारला उठतो. मधे जेवणाची सुट्टी. त्याला त्रास होऊ नये म्हणून सगळं केलं मी. मांडीवर ओलं पोतं असतं. ते पाव तासात वाळतं, मग पुन्हा भिजवून देतात. ठिणग्या लागू नयेत म्हणून सोलोहून जाड जीनच्या दोन पँटी आणल्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या. तू बसायचास तेव्हा लुंगी नेसून बसायचास, तुझ्या मांड्यांवर अजून डाग असतील.

डॉक्टरचं मी लिहिलं तेवढं पुरे. तू फक्त मुलगी बघ. जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे विचारतो.

कर्सोनो


लाम्पुंग, २० जुलै १९९४

कांग,

तुम्ही रागावलात ते बरं झालं. गोड पत्राला मला हे उत्तर लिहिता आलं नसतं. हे पत्र वहिनीसमोर वाचू नका.

आमच्या सितीला लहानपणी मलेरिया झाला तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन बसलो होतो. तिथला मंत्री, म्हणजे डॉक्टर नव्हे, सुया टोचणारा, मोठा गप्पिष्ट माणूस होता. गाव कुठलं, धंदा कुठला, किती पोरं, सगळं विचारलं. मी म्हटलं, जाव्यात चार वर्षं काही झालं नाही, इथे आलो आणि ही झाली. पाण्याचा गुण. तो इतका हसला की सुई बाजूला ठेवावी लागली.

मग म्हणाला, "पाण्याचा कसला गुण? तू भट्टीसमोरून उठलास, त्याचा गुण आहे हा. देवाने पुरुषाचं ते सामान घराच्या आत ठेवलं नाही, बाहेर ओसरीवर ठेवलं. का? तर त्याला पोटापेक्षा थोडं थंड लागतं. तू रोज दहा तास ओसरीला आग लावून बसायचास."

मी विचारलं, मग सगळ्या लोहारांना पोरं कशी होतात? तो म्हणाला, कुणाला होतात, कुणाला उशिरा होतात, कुणाला होत नाहीत. जो सगळ्यात जवळ आणि सगळ्यात जास्त वेळ बसतो त्याला जास्त त्रास. उभा राहून घण मारणाऱ्याला तेवढा नाही. आणि बहुतेकांचं, उठलं की काही महिन्यांत पुन्हा सुरळीत होतं, कारण बीज सतत नवं तयार होत असतं. तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

कांग, तुम्हाला परजियो वडिलांच्या वेळीच झाला. तेव्हा तोंडाच्या जागेवर मी होतो, तुम्ही घण मारत होता. मी गेल्यावर तुम्ही तिथे बसलात आणि तेरा वर्षांत त्याच्या पाठीवर दुसरं झालं नाही. वहिनीने किती दर्गे केले, आठवतंय का? मी हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. मी हे हिशेबात धरून तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणून लिहितोय.

हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. परजियोला तुम्ही ती जागा दिली तेव्हा गावजेवणाचं आमंत्रण मला आलं होतं. मी कळवलं, मिरीचा हंगाम आहे, येता येत नाही. हंगाम नव्हता. तुमच्यासमोर बसून गप्प राहायचं धाडस नव्हतं, म्हणून आलो नाही. बोललो असतो तर जागा रिकामी राहिली असती आणि तुम्ही म्हणाला असता, हर्जितो, तुझी पोरं झाली आता, ये परत. मला परत यायचं नव्हतं. माझं शेत राहावं म्हणून तुमच्या पोराला मी तिथे बसू दिलं.

आणि तीन वर्षांपूर्वी तुम्ही पाणी मागितलंत. मी मागच्या विहिरीतून कॅन भरला, झाकणाला प्लास्टिक बांधलं आणि बसवाल्याच्या हातात दिला. मला ठाऊक होतं की ते नुसतं पाणी आहे. सोबत लिहिलंसुद्धा, रोज उपाशीपोटी घ्यावं. सुलासिह ते रोज प्यायली असं तुम्ही लिहिलंत त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

त्याला उठवा. सोलोला नेऊन तपासून घ्या. तिला परत आणा.

हर्जितो


केदुंगरेजो, २९ ऑगस्ट १९९४

हर्जितो,

तुझं पत्र येऊन महिना झाला. मी ते कोळशाच्या कोठारात ठेवलं होतं. तिथे माझ्याशिवाय कुणी जात नाही. चारदा उत्तर लिहायला बसलो. पहिल्या तीन वेळी तुला शिव्या लिहिल्या. त्या फाडल्या.

तू विचारलं होतंस की डॉक्टरचा कागद आहे का. आहे. तोही तिथेच आहे, कोठारात, तुझ्या पत्राच्या खाली.

फेब्रुवारीत परजियोची तपासणी झाली. सुलासिहचं आधीच झालं होतं, तिच्यात काही दोष नव्हता. आम्ही म्हटलं, बायकांचे डॉक्टर काय, बायकांच्याच बाजूने बोलणार. मग ती परजियोच्या मागे लागली. तो जायला तयार नव्हता, लाजत होता. शेवटी गेला आणि डबी देऊन आला. कागद आणायला मार्चमध्ये मी गेलो, कारण तो भट्टीवर होता आणि भट्टी थांबवायची नव्हती.

डॉक्टर पोरसवदा होता, चष्मेवाला. बारीक छापील अक्षर मला दिसत नाही म्हणून त्याने वाचून दाखवलं. बीजांची संख्या फार कमी आहे. आहेत त्यातले बरेचसे हलत नाहीत. मग विचारलं, मुलगा काय करतो? मी छाती काढून सांगितलं, गाँग बनवतो, तोंडाच्या जागेवर बसतो. बसतो कसा तेही खुर्चीवर बसून दाखवलं, पाय फाकवून, भट्टी मध्ये. त्याने कागद पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, "बापाक, आजच त्याला तिथून उठवा. घट्ट पँट नको, सैल लुंगी बरी. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासू. खात्री मी देत नाही, पण उष्णतेने बिघडलेलं पुष्कळदा सुधारतं."

हर्जितो, तुझ्या मंत्र्याने जे सांगितलं तेच. मला मार्चपासून माहीत आहे. तुला लिहिताना मला माहीत होतं. मुलगी बघ असं लिहितानाही माहीत होतं.

घरी आलो तेव्हा सुलासिह सोयाबीनचं तेम्पे तळत होती. मी म्हटलं, परजियोचं सगळं ठीक आहे. तिने चूल बारीक केली. माझ्याकडे बघितलं आणि तळलेले तुकडे निथळत ठेवले. त्या आठवड्यात तुझ्या वहिनीने तिला वांझ म्हटलं, जेवताना, सगळ्यांसमोर. मी ताटातून मान वर केली नाही.

का सांगितलं नाही, हे स्वतःला रोज विचारतो. संच द्यायचा होता आणि रंग ओळखणारा दुसरा कुणी नाही, हे खरं आहे. पण ते निम्मंच खरं आहे. तो जो नवस, तो मी त्याच्याकडून दोनदा करवून घेतला. तो दुसऱ्या वेळी म्हणाला होता, बापाक, मांड्या फार भाजतात, थोडे दिवस भात्यावरच्या न्गादिमानला बसू दे. मी म्हटलं, बाप व्हायचंय ना, मग बस. औषध म्हणून मी त्याला विष पाजत होतो आणि वर पेला रिकामा झाला की नाही तेही बघत होतो. हे त्याला कसं सांगू? त्यापेक्षा परकी पोर घराबाहेर गेलेली मला सोपी वाटली.

दोन आठवड्यांनी चौदा तारीख आहे. तिचा कंगवा अजून कपाटावर आहे, परजियो त्याला कुणाला हात लावू देत नाही.

कर्सोनो


लाम्पुंग, ५ सप्टेंबर १९९४

कांग,

हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्याला सांगा. मी तारीख मोजलीय, बारापर्यंत पोचेल.

संचाची काळजी करू नका. मी येतो. एकवीस वर्षांपूर्वी मला रंग दिसायचा, अजूनही दिसेल. माझी चार पोरं झाली, आता या सामानाला भट्टी लागली काय आणि वणवा लागला काय. मी लुंगी नेसूनच बसेन.

कागद त्याच्या हातात द्या. तोंडाने सांगायला गेलात तर तुम्ही पुन्हा काहीतरी गाळाल.

हर्जितो


केदुंगरेजो, २७ सप्टेंबर १९९४

जितो,

तुझं पत्र बाराला दुपारी आलं. मी थेट भट्टीत गेलो. परजियो बसला होता, लोखंडी सांडशीत गाँग फिरवत. मी भाता थांबवायला सांगितला. तापलेलं कांसं मध्येच थंड झालं तर तडकतं हे तिथल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने दाराच्या उजेडात जाऊन वाचला. दोनदा वाचला. मग विचारलं, "हा कधीचा?"

मी म्हटलं, "मार्चचा."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने सांडशी जागेवर ठेवली. हौदावर जाऊन अंग धुतलं, जीनची पँट काढून ठेवली, लुंगी नेसला, कपाटावरचा कंगवा सदऱ्याच्या खिशात घातला आणि वोनोगिरीची बस पकडायला निघाला. त्याची आई मागे धावली, काय झालं विचारत. तिला मी सांगितलं. तिला मुळीच माहीत नव्हतं, जितो. ती तिथेच अंगणात खाली बसली. माझ्याशी ती अजून बोलत नाही. जेवायला वाढते एवढंच.

गाँग तडकली. ती आता वितळवावी लागेल.

दुसऱ्या दिवशी मीही वोनोगिरीला गेलो. सुलासिहच्या बापाच्या अंगणात परजियो बसला होता, सासऱ्यासोबत कसावा सोलत. मला बघून उठला, हात जोडले आणि पुन्हा खाली बसला. अर्ज मागे घेतोय, असं सासऱ्याने सांगितलं. चौदा तारखेला दोघं जाऊन तो मागे घेऊन आले. परजियो आता तिकडेच राहणार आहे, शेत करणार आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा तपासायला जातील. काय निघेल ते देव जाणे, डॉक्टरने खात्री दिलेली नाही. भट्टीवर परत येणार का, हे मी विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

मग सुलासिह चहा घेऊन आली. माझ्यासमोर चटईवर बसली. मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं ते बोललो. माझी चूक झाली. मी लपवलं. दोष तुझा नव्हता, तुझा कधीच नव्हता, मी तुला घ्यायला आलोय, गावात सगळ्यांना मी स्वतः सांगेन, घरोघरी जाऊन. हे सगळं मी मनापासून बोललो, तुझी शपथ. डोळ्यांतून पाणीही आलं, आणि ते मोतीबिंदूचं नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बापाक, कागदावर दोष माझा निघाला असता तर आला असता का?"

मी चहा पीत राहिलो. चहा संपला तरी पेला तोंडाला लावून बसलो. ती वाट बघत बसली होती, रागाने नाही, खरंच उत्तर हवं होतं तिला. मग उठली, माझ्या हातातून पेला घेतला आणि आत गेली. केदुंगरेजोला ती आली नाही.

तू येतो म्हणालास. ये. तोवर मी बसतोय तोंडाशी, न्गादिमान जमेल तसा रंग सांगतो. संच वेळेवर होणार नाही, तसं कचेरीत कळवलंय.

चौदा दिवस झाले, मी तिच्या प्रश्नाशी बसलोय. कुणाला तरी उत्तर द्यायला हवं. तिला देता आलं नाही, म्हणून तुला देतो. नसतो आलो, जितो. दोष तिचा निघाला असता तर चौदा तारखेला मी कोर्टाच्या बाकावर शांत बसलो असतो आणि घरी येऊन पोटभर जेवलो असतो.

कर्सोनो